केमोनंतरचा दुसरा आठवडा

केंद्र सरकारने १ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात एक महत्त्वाची घोषणा होती. देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत डे केअर कर्करोग केंद्रे उभारायची आणि त्यांपैकी २०० केंद्रे २०२५-२६ मध्येच सुरू करायची, असे त्यात म्हटले होते. केमोथेरपीसाठी मुंबई-पुण्याला धावणाऱ्या कुटुंबांचा प्रवास, लॉजचे भाडे आणि बुडणारी मजुरी यामुळे वाचणार असेल, तर या घोषणेचे स्वागतच करायला हवे. मराठवाड्यापुरते बोलायचे, तर छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मराठवाड्यासह खानदेश आणि विदर्भाच्या काही भागांतले रुग्णही तिथे येतात.

मात्र डे केअर या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. सकाळी यायचे, सलाईनमधून औषध घ्यायचे आणि संध्याकाळी घरी जायचे. म्हणजे औषध शहरात मिळते आणि त्याचे दुष्परिणाम गावात सोसायचे असतात. कन्नड तालुक्यातला रुग्ण संध्याकाळी एसटीने साठेक किलोमीटरचा प्रवास करून परततो. पिशोर, करंजखेड किंवा घाटाखालच्या नागदला जायचे, तर आणखी पुढचा प्रवास असतो. जिल्हा रुग्णालयात नवे केंद्र आले, तरी तेही संभाजीनगर शहरातच असणार. कन्नडच्या रुग्णाचे अंतर त्याने कमी होत नाही. आणि केमोथेरपीतला सर्वांत धोक्याचा काळ साधारण सात ते चौदा दिवसांनी, रुग्ण घरी असताना येतो.

रक्तातले शिपाई

केमोची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतात. कर्करोगाच्या पेशी वेगाने वाढतात, तशाच हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्ताच्या पेशी तयार होण्याचे कामही वेगाने चालते. औषधाला या दोहोंत फरक करता येत नाही. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जिवाणूंशी लढणाऱ्या पहिल्या फळीतल्या असतात आणि त्यांचे रक्तातले आयुष्य काही तासांचेच असते. त्यामुळे नवा पुरवठा थांबला, की त्यांचा साठा लवकर संपतो.

निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण १,५०० ते ८,००० न्यूट्रोफिल असतात. हा आकडा ५०० च्या खाली गेला, की एरवी निरुपद्रवी असलेले जिवाणूही घातक ठरतात. हे जिवाणू बहुतेक वेळा बाहेरून येत नाहीत. आपल्याच आतड्यात, तोंडात आणि त्वचेवर ते राहत असतात.

इथे रक्ताचा रिपोर्ट वाचताना एक गफलत होते. रिपोर्टवर पांढऱ्या पेशी १,२०० लिहिलेल्या दिसतात आणि ‘हजाराच्या वर आहेत’ म्हणून नातेवाईक निश्चिंत होतात. पण त्यांत न्यूट्रोफिल ३० टक्के असतील, तर खरा आकडा ३६० निघतो. एकूण पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणून जो आकडा येतो, तोच पाहायचा असतो.

दुसरी गफलत डेंग्यूमुळे झाली आहे. आपल्याकडे ‘पेशी कमी झाल्या’ म्हटले, की लोकांना प्लेटलेट आठवतात. मग पपईच्या पानांचा रस आणि बकरीचे दूध सुरू होते. केमोनंतर ज्या पेशींची चिंता करायची, त्या वेगळ्या आहेत आणि या उपायांनी त्या वाढत नाहीत. पानांचा कच्चा रस नीट न धुतलेल्या भांड्यातून पोटात गेला, तर उलट जंतूच शिरतात.

ताप हे एकमेव लक्षण

न्यूट्रोफिल संपलेल्या रुग्णात संसर्ग लपून राहतो. पू म्हणजे प्रामुख्याने मेलेले न्यूट्रोफिल. ते नसतील, तर पू होत नाही आणि फारशी सूजही येत नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये न्यूमोनियाचा डाग उशिरा दिसतो. अनेकदा ताप ही एकच खूण मिळते. वयस्कर किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाला तर तापही येत नाही. नुसती थंडी वाजते, ग्लानी येते, रक्तदाब उतरतो.

थर्मामीटरवर एकदा जरी १०१ अंश फॅरनहाइट दिसले, किंवा १००.४ च्या वरचा ताप तासभर टिकला, तर ती तातडीची अवस्था मानावी. रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, असा जगभरचा दंडक आहे. अमेरिकेतल्या सुमारे ४१ हजार रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पांढऱ्या पेशी कमी होऊन ताप आल्यामुळे दाखल झालेल्यांपैकी साडेनऊ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले होते. सोयीसुविधा असलेल्या देशातले हे चित्र आहे.

आपल्याकडे ताप आला, की आधी पॅरासिटामॉल, मग गावातल्या दवाखान्यात एक सलाईन, दोन दिवस वाट पाहणे आणि मग तालुक्याचे गाव, असा क्रम असतो. साध्या तापात तो चालून जातो. केमोच्या दुसऱ्या आठवड्यात तो जिवावर बेततो.

इंजेक्शन काय करते

हा धोका कमी करणारे इंजेक्शन गेली तीन दशके उपलब्ध आहे. आपले शरीर जी-सीएसएफ नावाचे एक प्रथिन तयार करते. ‘न्यूट्रोफिल तयार करा’ असा निरोप ते अस्थिमज्जेला देते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेत डोनाल्ड मेटकाफ यांनी या कुळातल्या प्रथिनांवर १९६० च्या दशकापासून काम केले. १९८६ मध्ये त्याचे जनुक वेगळे करता आले आणि जिवाणूंकडून हे प्रथिन तयार करून घेणे शक्य झाले. फिलग्रास्टिम या नावाने १९९१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

फिलग्रास्टिम शरीरात काही तासच टिकते, म्हणून ते रोज टोचावे लागते. २००२ मध्ये पेगफिलग्रास्टिम आले. त्यात मूळ प्रथिनाला पॉलिथिलीन ग्लायकॉलची शेपटी जोडलेली असते. मूत्रपिंडातून ते लवकर बाहेर पडत नाही. त्याचा निचरा मुख्यतः न्यूट्रोफिलच करतात. म्हणजे पेशी कमी असेपर्यंत औषध रक्तात राहते आणि पेशी वाढल्या की आपोआप संपते. त्यामुळे एका केमोमागे एकच इंजेक्शन पुरते.

परिणाम किती, तेही पाहू. २००७ मध्ये १७ चाचण्यांमधल्या सुमारे साडेतीन हजार रुग्णांची आकडेवारी एकत्र करून तपासली गेली. इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी ३९.५ टक्के रुग्णांना पेशी कमी होऊन ताप आला. घेतलेल्यांत हे प्रमाण २२.४ टक्के होते. संसर्गामुळे होणारे मृत्यू २.८ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आले. हजार रुग्णांमागे तेरा जीव वाचले, असा याचा अर्थ. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फिलग्रास्टिमचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हे इंजेक्शन कर्करोगावरचे औषध नाही. त्याने हिमोग्लोबिन वाढत नाही, प्लेटलेट वाढत नाहीत, केस गळायचे थांबत नाहीत. आणि ताप आल्यावर ते प्रतिजैविकाची जागा घेऊ शकत नाही.

प्रत्येकाला नको

काही ठिकाणी प्रत्येक केमोनंतर हे इंजेक्शन सरसकट लिहिले जाते, तर काही ठिकाणी गरज असूनही ते मिळत नाही. या दोन्ही टोकांच्या मध्ये एक साधी पट्टी आहे. ज्या औषधयोजनेत ताप येण्याची शक्यता २० टक्क्यांहून जास्त, तिथे पहिल्या केमोपासून इंजेक्शन द्यावे. १० ते २० टक्के असेल, तर रुग्णाची स्थिती पाहून ठरवावे. १० टक्क्यांहून कमी असेल, तर एरवी देऊ नये.

आपल्या भागात तोंडाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग बराच आढळतो. त्यांत किरणोपचाराबरोबर सिस्प्लॅटिन हे औषध दिले जाते. अशा एकत्र उपचारात हे इंजेक्शन टाळावे, असाच सल्ला आहे. पण तोंडाच्या मोठ्या गाठीसाठी डोसेटॅक्सेलसह तीन औषधांची केमो दिली जाते, तेव्हा धोका बराच वाढतो. स्तनाच्या कर्करोगातही डोसेटॅक्सेल असलेल्या काही योजनांत तो जास्त असतो. उलट आठवड्याला एकदा दिल्या जाणाऱ्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये पेशी सहसा फार उतरत नाहीत. शिवाय पेगफिलग्रास्टिम आणि पुढची केमो यांत किमान चौदा दिवसांचे अंतर लागते. त्यामुळे दर आठवड्याच्या केमोत ते बसतही नाही.

मधल्या गटातल्या रुग्णाचे वय ६५ च्या पुढे असेल, आधी केमो किंवा किरणोपचार झाले असतील, यकृत किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल, उघडी जखम असेल, अंगात ताकद नसेल, तर पारडे इंजेक्शनकडे झुकते. माझ्या मते ग्रामीण महाराष्ट्रात या यादीत आणखी एक गोष्ट धरायला हवी. ती म्हणजे शिरेतून प्रतिजैविक मिळण्याच्या ठिकाणापासूनचे अंतर. २० टक्क्यांची रेषा ही निसर्गाने आखलेली नाही. इंजेक्शनचा खर्च, दाखल होण्याचा खर्च आणि उपचार किती लवकर मिळतील, या हिशेबातून ती ठरली आहे. २०२० मध्ये करोनाच्या साथीत रुग्णालये भरली, तेव्हा अमेरिकेतल्या तज्ज्ञांनीच मधल्या गटालाही इंजेक्शन द्यावे, अशी शिफारस केली. हेतू एवढाच, की रुग्णांवर रुग्णालय गाठण्याची वेळ येऊ नये. ज्या वस्तीवरून रात्री वाहन मिळत नाही, तिथे ही अडचण साथीपुरती नसते, बारमाही असते.

खरी अडचण दुसऱ्या दिवसाची

हे इंजेक्शन केमो संपल्यावर किमान २४ तासांनी, साधारण तीन दिवसांच्या आत द्यायचे असते. कारण सोपे आहे. ते अस्थिमज्जेतल्या पेशींना वाढायला लावते आणि केमोचे औषध वाढत्या पेशींनाच मारते. तणनाशक फवारले त्याच दिवशी त्याच वाफ्यात पेरणी कोणी करत नाही. केमोच्याच दिवशी इंजेक्शन दिल्यास पेशी जास्त काळ कमी राहतात, असे अभ्यासांत दिसले आहे. दुसरा काही मार्गच नसेल, तर त्याच दिवशी देणे हे अजिबात न देण्यापेक्षा बरे. पण तो अपवाद आहे, पद्धत नव्हे.

पुढच्या केमोच्या आदल्या दिवशी ‘पेशी वाढवून घेऊ’ म्हणून इंजेक्शन घेणेही चुकीचे आहे. रिपोर्टवरचा आकडा वाढतो, पण नव्याने वाढू लागलेल्या पेशी दुसऱ्याच दिवशी केमोच्या तावडीत सापडतात.

आता समजा, करंजखेडच्या एका बावन्न वर्षांच्या ताईंची केमो सोमवारी संभाजीनगरला झाली. इंजेक्शन मंगळवारी संध्याकाळनंतर, म्हणजे प्रत्यक्षात बुधवारी किंवा गुरुवारी द्यायचे. त्यासाठी त्यांनी पुन्हा शहरात जायचे का? सोबत मुलगा येणार, म्हणजे त्याचीही मजुरी बुडणार. सीझन कापूस वेचणीचा किंवा अद्रक काढणीचा असेल, तर घरचे हो म्हणतीलच असे नाही. रोज घ्यायचे फिलग्रास्टिम असेल, तर पाच-सात फेऱ्या. मग इंजेक्शन पिशवीत घालून गावी आणले जाते. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एसटीच्या खिडकीपाशी त्याचे काय होत असेल, याची कल्पना करता येते. काही जण काळजीपोटी ते थेट बर्फात ठेवतात आणि ते गोठते. गोठलेले इंजेक्शन वापरायचे नसते.

अमेरिकेनेही हीच अडचण अनुभवली. तिथे २०१५ च्या सुमारास त्वचेला चिकटवायचे एक छोटे यंत्र बाजारात आले. केमोच्या दिवशी ते लावून रुग्णाला घरी पाठवायचे आणि साधारण २७ तासांनी ते आपोआप औषध टोचते. यंत्र हुशार आहे आणि महागही. आपल्याकडे तेच काम तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातली सिस्टर करू शकते.

तालुक्याच्या रुग्णालयात फ्रिज असतो. लसीकरणाच्या फ्रिजमध्ये इतर औषधे ठेवायची नाहीत, हा नियम योग्यच आहे. पण इन्सुलिन आणि कुत्रा चावल्यावर द्यायची लस ज्या फ्रिजमध्ये असते, त्यात या इंजेक्शनसाठी एक कप्पा सहज निघेल. ही लस शीतसाखळीतून इथवर पोहोचते, तर त्याच गाडीतून हेही येऊ शकते. त्वचेखाली इंजेक्शन देणे हे तर सिस्टरच्या रोजच्या कामातले आहे. नवी इमारत लागत नाही, नवे पद लागत नाही. कर्करोग रुग्णालयाने कोणत्या रुग्णाला कोणत्या तारखेला काय द्यायचे, हे लिहून पाठवायचे आणि तालुक्याने ते द्यायचे, एवढी जोडणी हवी.

अशीच दुसरी जोडणी तापाची. केमोचा रुग्ण ताप घेऊन आला, की रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता पायपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपाइमसारख्या प्रतिजैविकाचा पहिला डोस तालुक्यातच द्यावा आणि मग १०८ रुग्णवाहिकेने पुढे पाठवावे. आधी पाठवायचे आणि डोस शहरात द्यायचा, यात सोन्यासारखा तास रस्त्यावर जातो. यासाठी लेखी आदेश आणि औषधाच्या काही बाटल्या राखीव हव्यात.

पैशाचा प्रश्न

एकेकाळी ही इंजेक्शने सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. मूळ कंपन्यांची मक्तेदारी संपल्यावर भारतीय कंपन्यांनी त्यांसारखीच औषधे बनवली. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले पर्यायी पेगफिलग्रास्टिम बंगळूरूच्या बायोकॉनचे होते. आपल्या देशात बनलेले औषध तिकडे चालते. अडचण इथल्या वितरणात आहे. पाकिटावरची छापील किंमत आणि मोठ्या खरेदीत पडणारी किंमत यांत बरीच तफावत असते. ती भरून निघते ती रुग्णाच्या खिशातून. सरकारने एकत्रित खरेदी केली, तर ही तफावत मिटवता येईल.

कमी खर्चाचे मार्गही अभ्यासातून पुढे आले आहेत. सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कर्करोगात फिलग्रास्टिम पाच दिवस दिले, तरी सात किंवा दहा दिवसांइतकाच फायदा होतो, असे कॅनडातल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये दाखवले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो घेणाऱ्यांनी, आपल्या पॅकेजमध्ये हे इंजेक्शन धरले आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावे. बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडल्यावर विचारले, तर उशीर झालेला असतो.

घरच्यांनी काय पाहावे

इंजेक्शननंतर कंबर, मांड्या, छातीचे हाड दुखते. अस्थिमज्जा कामाला लागल्याची ती खूण असते आणि दोन-चार दिवसांत दुखणे ओसरते. त्यासाठी पॅरासिटामॉल चालते, पण गोळी घेण्याआधी प्रत्येक वेळी थर्मामीटर लावावे, नाहीतर गोळीखाली ताप झाकला जातो. पोटात डावीकडे वर किंवा डाव्या खांद्यात जोराची कळ आली, दम लागला, अंगावर गांध्या उठल्या, तर लगेच रुग्णालय गाठावे. असे क्वचित घडते. इंजेक्शननंतर रिपोर्टवर पांढऱ्या पेशी एकदम खूप वाढलेल्या दिसल्या, तर घाबरून जाऊ नये. डॉक्टरांना दाखवावे.

इंजेक्शन घेतले, म्हणजे धोका संपला असे नाही. वरच्या आकडेवारीत इंजेक्शन घेतलेल्यांपैकीही पाचात एकाहून जास्त जणांना ताप आलाच होता. त्यामुळे घरात चालू स्थितीतला थर्मामीटर हवा. अन्न ताजे आणि शिजवलेले, पाणी उकळून गार केलेले असावे. हात साबणाने धुवावेत. शेण-मातीची कामे, गोठ्याची साफसफाई, कापसाच्या बोंडांनी हात ओरखडतील अशी कामे दुसऱ्या आठवड्यात टाळावीत. रुग्णाला खोलीत कोंडून ठेवण्याची, त्याची भांडी वेगळी करण्याची मात्र काहीच गरज नाही. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही.

केमो झाल्यावर डॉक्टरांकडून चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. कोणती औषधे दिली, पेशींचे इंजेक्शन लागणार का आणि कोणत्या तारखेला, पेशी कमी होण्याचा काळ कोणता, आणि ताप आल्यास फोन कोणत्या नंबरवर करायचा. हा कागद तालुक्याच्या डॉक्टरसमोर ठेवला, तर त्याचा निम्मा वेळ वाचतो.

डे केअर केंद्रे सुरू होतील, तसे किती केमो दिल्या याचे आकडे जाहीर होतील. त्यांच्या शेजारी आणखी दोन रकाने असावेत. घरी गेलेल्यांपैकी किती जणांना ताप आला आणि त्यांना पहिले प्रतिजैविक किती मिनिटांत मिळाले. हे दोन आकडे नोंदवले गेले, तर कोणत्या तालुक्यात फ्रिजमधला कप्पा मोकळा करायचा, हे वेगळे शोधावे लागणार नाही.